भूमध्य प्रदेशातले खंडोबाचे किडे : कधी, कुठे शोधायचे आणि कसे ओळखायचे

स्पेन, इटली किंवा ग्रीसमध्ये उन्हाळ्याच्या शेवटी माळावर खंडोबाचा किडा (प्रेइंग मँटिस) दिसला, तर तो बहुतेक वेळा मँटिस रिलिजिओसा असतो. मोठा, ठळक, गवताच्या शेंड्याशी बसलेला. बहुतेकांच्या नोंदवहीत म्हणून तेवढी एकच जाती भरलेली असते. भूमध्य समुद्राभोवतीची खरी विविधता मात्र दगडांमधून पळणाऱ्या, दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या, मातकट आणि बऱ्याचदा बिनपंखी जातींमध्ये आहे. त्या दिसायला हव्या असतील तर जाण्याचा महिना, पाहण्याची उंची आणि शोधण्याची पद्धत हे तिन्ही बदलावे लागते. युरोपात शिकायला किंवा नोकरीला असलेल्या, आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन दक्षिणेकडे उतरणाऱ्या मराठी निसर्गप्रेमींना हे सहज जमण्यासारखे आहे.

आधी महिना ठरवा

महाराष्ट्रात पाऊस जूनमध्ये येतो, पिल्ले पावसाळ्यात वाढतात आणि दसऱ्याच्या सुमारास मोठे किडे भरपूर दिसतात. भूमध्य प्रदेशात याच्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे तिथल्या जातींनी वर्ष काढण्याचे दोन वेगळे मार्ग धरले आहेत.

पहिला मार्ग अंड्यांचा. मँटिस रिलिजिओसा, आयरिस ओरॅटोरिया आणि अमेलेस डेकोलर हिवाळा अंडपेटीत, म्हणजे मादी अंड्यांभोवती बनवते त्या कडक आवरणात, काढतात. पिल्ले वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाहेर येतात, ऑगस्टपर्यंत पंख फुटतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंडी घातली जातात आणि थंडी पडली की मोठे किडे मरतात. दुसरा मार्ग पिल्लांचा. एम्पुसा वंशातली अंडी उन्हाळ्यातच उबतात आणि पिल्ले सगळा हिवाळा झुडपांत उघड्यावर काढतात. मोठे किडे एप्रिल ते जूनमध्ये दिसतात आणि भर उन्हाळ्यात नाहीसे होतात. स्पेन-पोर्तुगालमधली बिनपंखी अप्टेरोमँटिस अप्टेराही वसंतातच प्रौढ होते.

याचा अर्थ सरळ आहे. फक्त सप्टेंबरमध्ये गेलात तर मोठी एम्पुसा दिसणार नाही, आणि फक्त मेमध्ये गेलात तर मँटिसची मुंगीएवढी पिल्ले दिसतील, जी जातीपर्यंत ओळखणे अवघड. एखाद्या जागेची यादी पुरी करायची असेल तर तीन फेऱ्या लागतात : एप्रिलच्या मध्यापासून मेअखेर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत अंडपेट्यांसाठी एक. एकच फेरी शक्य असेल तर सप्टेंबर धरा, पण मग एम्पुसाची पिल्ले मुद्दाम शोधा. समुद्रसपाटीपासून वर चढाल तसे हे वेळापत्रक पुढे सरकते, हेही हिशेबात घ्या.

कोणत्या भागात काय मिळेल

मँटिस रिलिजिओसा आणि आयरिस ओरॅटोरिया या दोन जाती समुद्राच्या जवळजवळ सगळ्या बाजूंना आहेत. बाकीच्या जागेला बांधलेल्या आहेत, आणि याचे मुख्य कारण पंख. ज्या जातीची मादी उडू शकत नाही, ती डोंगररांग किंवा सामुद्रधुनी सहसा ओलांडत नाही. मग एका द्वीपकल्पापुरत्या मर्यादित जाती तयार होतात.

पश्चिमेला, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्समध्ये, एम्पुसा पेनाटा, जिओमँटिस लार्व्हॉइडिस, छोटी पर्लामँटिस अलिबर्टी आणि अमेलेसच्या अनेक जाती मिळतात. अप्टेरोमँटिस अप्टेरा फक्त आयबेरियन द्वीपकल्पात आहे आणि तिला युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाचे संरक्षण आहे. दक्षिण स्पेनमध्ये आफ्रिकी स्फोड्रोमँटिस व्हिरिडिसही भेटते. बागा, संत्र्याची झाडे, शहरातली कुंपणे इथे ती शोधावी.

पूर्वेला, बाल्कन, एजियन बेटे आणि तुर्कस्तानात, एम्पुसा पेनाटाची जागा एम्पुसा फॅसिएटा घेते. इटलीत पेनाटा सर्वदूर आहे, पण ईशान्य कोपऱ्यात फॅसिएटा पोचलेली आहे, म्हणून तिथे नुसत्या नकाशावरून नाव ठरवू नका. अमेलेस हेल्ड्रायखी, रिव्हेटिना बाल्कॅनिका आणि आखूड पंखांची बोलिव्हारिया ब्रॅकिप्टेरा या पूर्वेकडच्या खास जाती.

दक्षिण किनाऱ्यावर, मोरोक्को ते इजिप्त, सहारा सुरू होते आणि वाळवंटी घराणी दिसू लागतात. एरेमियाफिला वंशातले किडे वाळूवर लांब पायांनी कोळ्यासारखे धावतात, आणि रंग इतका जमिनीसारखा की थांबले की दिसेनासे होतात. पांढऱ्या-हिरव्या नक्षीची ब्लेफारॉप्सिस मेंडिका इथलीच. एम्पुसा आणि ब्लेफारॉप्सिस ज्या एम्पुसिडी कुळातल्या, त्याच कुळातला गाँगिलस, म्हणजे व्हायोलिन मँटिस, दक्षिण भारतात आहे. तो ज्याने पाहिला आहे त्याला एम्पुसाच्या डोक्यावरचा तुरा आणि पायांवरचे पापुद्रे लगेच ओळखीचे वाटतील.

बरोबर काय घ्यावे

१० पट भिंग, मॅक्रो फोटो निघेल असा कॅमेरा किंवा फोन, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, झाकणाला जाळी असलेल्या ५०० मिलिलिटरच्या ८ ते १० पारदर्शक डब्या, कपाळावरचा टॉर्च, ४० सेंटिमीटर व्यासाची जाड कापडाची स्वीप नेट (गवतावरून फिरवून किडे गोळा करायची जाळी) आणि एक फिकट रंगाची छत्री. स्वीप नेट गवतात चालते. काटेरी झुडपात ती फाटते, शिवाय पिल्लांचे पाय तुटतात. तिथे छत्री उलटी धरून फांदीवर काठीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत आणि पडलेले किडे पाहावेत. पाणी माणशी किमान ३ लिटर. दक्षिण फ्रान्समध्ये वणव्याचा धोका वाढला की डोंगराळ रानांचे रस्ते त्या दिवसापुरते बंद होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी स्थानिक सूचना पाहून ठेवा. राष्ट्रीय उद्यानांत आणि संरक्षित जातींच्या बाबतीत किडा पकडण्यासाठीही परवाना लागतो. परवाना नसेल तर फक्त फोटो काढा. पुढे दिलेले बहुतेक काम फोटोवर होते.

शोधण्याची पद्धत

जागेचे तीन थर मनात ठेवा आणि प्रत्येक थराला वेगळा वेळ द्या.

उंच गवत आणि गुडघ्याइतकी झुडपे हा पहिला थर. चुनखडीच्या जमिनीवर थाईम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि खुरट्या ओकची जी विरळ झुडपे असतात त्यांना फ्रान्समध्ये गारिग म्हणतात, ग्रीसमध्ये उशीसारख्या काटेरी झुडपांच्या माळाला फ्रिगाना. इथे ५० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्टा आखा आणि तो २० मिनिटांत पार करा. त्याहून वेगाने चाललात तर स्थिर बसलेल्या माद्या हमखास सुटतात. सकाळी ९ ते ११ ही वेळ चांगली. दुपारी किडे झुडपाच्या बुडाशी सावलीत उतरतात आणि पट्टा रिकामा वाटतो. तो निष्कर्ष खोटा असतो.

दुसरा थर जमिनीचा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. उघडी माती, बारीक दगड आणि विरळ गवत असलेली जागा निवडा, १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन ठरवा आणि गुडघ्यावर बसून ३ मिनिटे नुसते पाहा. हाताने गवताला हलका धक्का दिला की जिओमँटिस किंवा अमेलेस चार-सहा सेंटिमीटर पळून थबकते. नजर त्या हालचालीवर ठेवायची, आकारावर नाही. असे किमान २० चौकोन करा. पहिल्या पाचांत काही मिळाले नाही म्हणून लोक उठतात, आणि नेमक्या याच जाती यादीतून गळतात. दगड उलटायचा असेल तर त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खाली विंचू किंवा साप असला तर तो तुमच्यापासून दूर निघतो. दगड होता तसा परत ठेवा; त्याच्या खालच्या बाजूला अंडपेट्या असू शकतात.

तिसरा थर झाडे, भिंती आणि दिवे. अनेक जातींचे नर रात्री उडतात आणि उजेडाकडे येतात. त्यांच्या छातीखाली एकच कान असतो, तो वटवाघळांचा अतिध्वनी टिपतो, आणि तेवढ्या बळावर ते रात्री उडण्याचा धोका पत्करतात. पांढरी चादर आणि अतिनील एलईडी दिवा लावून अंधार पडल्यापासून ३ तास थांबा. पर्लामँटिससारखी बारीक जाती मिळण्याचा हा सर्वांत सोपा रस्ता आहे. पण उजेडावर आलेल्या किड्यांत जवळजवळ सगळे नर असतात. तेवढ्यावरून नर-मादी प्रमाण काढले किंवा 'मादी इथे नाही' असे लिहिले तर सगळा हिशेब चुकतो. वाऱ्याच्या किंवा थंड रात्री दिवा रिकामा राहतो, म्हणून त्या रात्रीचे तापमान आणि वारा नोंदवा.

ओळख : कोणत्या क्रमाने पाहावे

रंगावर सुरुवात करू नका. मँटिस रिलिजिओसा हिरवी, पिवळट आणि तपकिरी अशी तिन्ही रंगांत असते. डोळ्यांचा रंगही सोडून द्या, रात्री सगळ्यांचेच डोळे गडद होतात. डोळ्यातला जो काळा ठिपका तुमच्याकडे वळल्यासारखा दिसतो, तो प्रकाशाचा परिणाम आहे; ओळखीला त्याचा उपयोग नाही.

पहिला प्रश्न : हा मोठा किडा आहे की पिल्लू? पिल्लाच्या पाठीवर पंखांच्या कळ्या असतात, शिरा नीट न दिसणाऱ्या आणि अंगाला चिकटलेल्या. प्रौढाचे पंख आखूड असले तरी सुटे असतात आणि त्यांवर शिरांचे जाळे दिसते. अमेलेसच्या माद्यांचे पंख इतके आखूड असतात की त्या हमखास पिल्लांत मोजल्या जातात. जिओमँटिस आणि अप्टेरोमँटिसला तर नर-मादी दोघांनाही पंख नसतात. तिथे पोटाचे टोक पाहावे लागते.

दुसरा प्रश्न : नर की मादी? पोटाच्या खालच्या बाजूच्या आडव्या पट्ट्या मोजा. मादीत ६ दिसतात, नरात ८. मादीचे पोट रुंद, नराचे सडपातळ आणि मिशा लांब.

आता जाती. डोक्यावर टोकदार तुरा असेल तर एम्पुसा; तिच्या प्रौढ नराच्या मिशा पिसासारख्या दुहेरी कंगव्याच्या असतात आणि पिल्लू पोट पाठीवर वळवून बसते. तुरा नसेल तर पुढच्या पायाचा छातीला जोडलेला पहिला भाग, म्हणजे कक्षांग, आतल्या बाजूने पाहा. तिथे काळा ठिपका, बऱ्याचदा मधोमध पांढरा, असेल तर मँटिस रिलिजिओसा. लहान पिल्लांत हा ठिपका नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्यापुढे नुसते 'मँटिस कुळ' लिहिणे प्रामाणिक.

ठिपका नाही, पोटाच्या खालच्या बाजूला केशरी डाग आहे, आणि डिवचल्यावर मागच्या पंखांवर मोठा जांभळट काळा डोळा आणि तांबूस रंग दिसतो : ती आयरिस ओरॅटोरिया. तिच्या मादीचे पंख पोटाच्या टोकापर्यंत पोचत नाहीत. कक्षांगावर पिवळट उंचवटे आणि पुढच्या पंखाच्या कडेजवळ पांढरा ठिपका असलेला मोठा, जाडजूड किडा स्फोड्रोमँटिस किंवा हिरोड्युला असतो, त्याबद्दल पुढे.

राहिले छोटे किडे. शंकूसारखे टोकदार डोळे, पंख अजिबात नाहीत, वसंतात प्रौढ आणि ठिकाण आयबेरिया : अप्टेरोमँटिस. जाड मादी, पोट वर वळलेले, पंख आखूड : अमेलेस स्पॅलांझानिया असण्याची शक्यता मोठी. बाकी अमेलेस जातींत नुसत्या फोटोवर नाव देण्याचा मोह टाळावा. अनेकदा नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निर्णय होत नाही. 'अमेलेस, जाती अनिश्चित' अशी नोंद चुकीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते, कारण चुकीचे नाव वितरणाच्या नकाशावर वर्षानुवर्षे टिकून राहते.

फोटो सहा काढा : वरून पूर्ण लांबी, बाजूने, चेहरा समोरून, कक्षांगाची आतली बाजू, पोटाची खालची बाजू आणि किड्याने पंख उघडले तर मागचे पंख. पकडताना अंगठा आणि तर्जनीने लांबट छातीवर, पुढच्या पायांच्या लगेच मागे धरावे. नुकती कात टाकलेला, फिकट मऊ किडा हातात घेऊ नका. पाय कायमचे वाकडे होतात.

हिवाळ्यातले काम : अंडपेट्या

थंडीत मोठा किडा एकही नसताना अंडपेट्यांवरून जागेची अर्धी यादी करता येते, आणि ही पद्धत जितकी वापरली जावी तितकी वापरली जात नाही. अंडपेटी महिनोन्महिने जागेवर राहते, पळत नाही, आणि 'ही जाती इथे प्रजनन करते' याचा तो पक्का पुरावा आहे. दिव्यावर आलेला एकटा नर तेवढे सांगू शकत नाही.

मँटिस रिलिजिओसाची पेटी ३ ते ४ सेंटिमीटर लांब, फेसासारख्या फुगीर पदार्थाची, मधोमध खवल्यांची पट्टी असलेली. दगडाच्या आडबाजूला किंवा गवताच्या जाड काडीवर, जमिनीपासून फार उंच नाही. आत बहुधा १०० ते २०० अंडी. आयरिसची पेटी अरुंद, लांबट, फेस जवळजवळ नसलेली. भिंत, साल, सपाट दगड, कुंडीची बाजू अशा गुळगुळीत पृष्ठभागावर. एम्पुसाची छोटी, टोकाला बारीक दोऱ्यासारखे शेपूट असलेली. अमेलेसची सेंटिमीटरभरही नसते. रिव्हेटिनाची मादी पोटाच्या टोकावरच्या काट्यांनी माती उकरून पेटी पुरते, त्यामुळे ती वरून सापडण्याची अपेक्षा ठेवू नका.

पेटीवरची भोके वाचायला शिका. पिल्ले मधल्या पट्टीतून बाहेर पडतात आणि तिथे कातेचे बारीक धागे लोंबतात. बाजूच्या भिंतीत गोल, स्वच्छ भोके असतील तर आतली अंडी पोडॅग्रिऑन या परजीवी गांधीलमाशीने खाल्ली आहेत. मँटिबॅरिया नावाची आणखी एक बारीक माशी मोठ्या मादीच्या अंगावर चढते, स्वतःचे पंख गाळते आणि मादी फेस सोडू लागली की त्यात अंडी घालते. मादीच्या पंखांच्या मुळाशी भिंगाने पाहिले तर ती कधी कधी दिसते. तिचीही नोंद करा.

पेटी उबवून खात्री करायची असेल तर ती बारीक जाळीच्या डबीत घालून घराबाहेर, पावसाच्या आडोशाला ठेवा. गरम खोलीत ठेवलेली पेटी ऐन जानेवारीत फुटू शकते, खायला काही नसते आणि पिल्ले एकमेकांना खातात. पिल्ले निघाली की वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. डबीची उंची किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट आणि झाकण जाळीचे हवे, कारण कात टाकताना ती उलटी लटकतात. जागा कमी पडली तर पंख चुरगळतात आणि ओळखीची खूण जाते. जगलेली पिल्ले पेटी मिळालेल्या नेमक्या जागीच सोडा, दुसरीकडे कधीही नाही.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत, अचूकतेची त्रिज्या मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून उंची, वनस्पती, जमिनीपासून किड्याची उंची, वय, लिंग आणि पद्धत लिहा. गावाच्या नावावरून नकाशात टाकलेली खूण गावाच्या चौकात पडते, किडा मात्र तीन किलोमीटरवरच्या टेकडीवर असतो. बिनपंखी जातींच्या नकाशात ही चूक मोठी ठरते. युरोपातले बरेच वितरण-नकाशे १० किलोमीटर बाय १० किलोमीटरच्या चौकोनांत मांडतात, त्यामुळे चौकोनाच्या सीमेजवळची नोंद विशेष काळजीने द्या. काहीच न मिळालेले पट्टेही लिहा, किती मिनिटे आणि किती जणांनी शोधले यासह. तसे न केल्यास 'इथे नाही' आणि 'इथे कोणी पाहिलेच नाही' यांत फरक करता येत नाही.

आलेले पाहुणे

गेल्या काही वर्षांत दोन मोठ्या आशियाई जाती भूमध्य युरोपात पसरत आहेत. हिरोड्युला टेनुइडेंटाटा इटली आणि बाल्कनमध्ये, हिरोड्युला पॅटेलिफेरा इटली आणि दक्षिण फ्रान्समध्ये. हिरोड्युला वंश भारतात सर्वत्र आहे, त्यामुळे आपल्याकडे आंब्याच्या झाडावर हे किडे पाहिलेल्याला त्यांची ठेवण नवी नाही. दोघी झाडांवर राहतात, शहरातल्या बागा आणि रस्त्याकडेची झाडे त्यांना मानवतात. त्यांची फुगीर पेटी फांदीवर किंवा खोडावर, बऱ्याचदा डोक्याच्या वर असते. पॅटेलिफेराच्या कक्षांगावर मोजके मोठे, चपटे, पिवळट उंचवटे असतात. टेनुइडेंटाटाचे उंचवटे लहान. स्पेनमध्ये असाच किडा दिसला तर आधी स्फोड्रोमँटिस तपासा. तिन्हींत गोंधळ होतो, आणि तो फक्त कक्षांगाच्या आतल्या बाजूच्या स्पष्ट फोटोने सुटतो. इटलीत असे आढळले आहे की मँटिस रिलिजिओसाचे नर हिरोड्युला मादीकडे आकर्षित होतात आणि खाल्ले जातात, म्हणून दोन्ही वंश एकाच जागी दिसले तर ती नोंद खास महत्त्वाची.

परदेशी जाती आली म्हणून दिसेल ती अंडपेटी खरवडून टाकणे मात्र चुकीचे आहे. दगडावर किंवा गवतावर, खाली असलेली फेसाळ पेटी बहुतेक वेळा स्थानिक मँटिस रिलिजिओसाचीच असते. तिचा पट्टीसह फोटो घ्या, उंची मोजा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा त्या देशाच्या कीटक-नोंद केंद्राकडे पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पेटी जागेवरच राहू द्या.